टीव्हीपुढचा नारळ

पेण, रविवार, संध्याकाळ

अजून राग उतरत नाही. राष्ट्रीय स्पर्धेची महिलांची अंतिम लढत, धरमतरकडच्या मिठागरातली आमची सायली मैदानात, आणि केवळ हॉकीसाठी काढलेल्या वाहिनीवर काय? पुरुषांचा जुना सामना, तोही कितव्यांदा तरी!

तिच्या आईनं, यमुनाबाईंनी, लेकीला खेळताना कधी पाहिलेलं नाही. आज मिठागरावर न जाता त्या टीव्हीपुढे नारळ ठेवून बसल्या होत्या. लेक दिसली की फोडायचा. शेवटी मी वाहिनीला फोन लावला. तिथला गृहस्थ थंडपणे म्हणाला, "हक्क आमच्याकडेच आहेत हो, पण बायकांच्या सामन्याला प्रेक्षक नसतात." मग हक्क घेतले कशाला? दुसऱ्या कुणी दाखवू नये म्हणून? प्रेक्षक नाहीत म्हणे! इकडे अख्खी आळी यमुनाबाईंच्या ओटीवर दाटीवाटीनं बसली होती.

सामना संपल्यावर सायलीचाच फोन आला. "आये, जिकलो गो! माजा गोल बगलास ना?"

यमुनाबाईंनी नारळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बगला गो बाय, बगला."

त्या माउलीला खोटं बोलायला लावलं! याचाच संताप सगळ्यात जास्त.

मी निघताना त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "आता उगाच कशाला फोडू? तुमी भाषणा करता ना, तुमीच ठेवा. ती टीवीवर दिसंल तवा आना."

उद्या रोह्याच्या सभेत भाषणाचा कागद नेणार नाही. नुसता नारळ नेणार.