काच पुसण्याचे फडके जमा न करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
पवित्र अवशेष सत्यता तपासणी कार्यालय,
तिसरा मजला.

विषय: राखणदाराचे फडके त्याच्या आईकडेच राहू देण्याबाबत.
संदर्भ: फडके जमा करण्याविषयीची आपली नोटीस.

महोदय,

मी आपल्या कार्यालयासमोरील चर्चचा राखणदार. क्रुसावरून उतरवल्यावर प्रभूचे अंग ज्याने पुसले असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते, ते फडके आमच्या काचेच्या कपाटात असे. ते खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी समिती बसली. शास्त्रज्ञांनी एक तुकडा जाळून वय काढले. मेणबत्त्यांच्या धुरामुळे वय चुकले असे इतिहासकार म्हणाले, म्हणून दुसरा जाळला. तिसरा आधी धुतला, तो धुण्यातच विरला. चौथा आधीचे निकाल तपासण्यासाठी गेला. चादरीएवढे फडके हातरुमालाएवढे झाले, वाद मात्र होता तेवढाच राहिला.

२. शेवटच्या पाहणीच्या दिवशी काच पुसून मी माझे फडके टेबलावर ठेवले होते. ते माझ्या जुन्या शर्टाचे आहे. चहा झाल्यावर समितीने तेच कपाटात घालून सील ठोकले आणि मूळ फडके माझ्या हातात दिले. मी जागच्या जागी म्हणालो, "साहेब, ते माझ्या शर्टाचं आहे. तुमचं हे." अध्यक्ष म्हणाले, "तज्ज्ञांच्या कामात लुडबूड करू नका. आपलं फडकं उचला आणि निघा." मी उचलले व निघालो.

३. पुढे अहवाल आला. कपाटातले फडके अस्सल असल्याबद्दल दोन्ही पक्षांचे प्रथमच एकमत झाले. त्यावर "अपार यातना सोसलेल्या देहाच्या घामाचे डाग" असल्याचे नमूद आहे. डाग माझेच असल्याने यातनांबद्दल माझी हरकत नाही. बटणाच्या काजाबद्दल तेवढा मतभेद उरला आहे. इतिहासकार त्याला प्रभूच्या कुशीत खुपसलेल्या भाल्याची खूण म्हणतात, शास्त्रज्ञ म्हणतात कसर लागली.

४. आता आपली नोटीस आली की, तुलनेसाठी एक साधे फडके जाळायचे असल्याने राखणदाराने काच पुसण्याचे फडके जमा करावे. महोदय, ते मी देऊ शकत नाही. घरी आई अंथरुणाला खिळली आहे आणि डॉक्टरांनी हात टेकले आहेत. या चर्चची फरशी पुसण्यात तिचा जन्म गेला. काम संपले की ती कपाटाच्या काचेला कपाळ टेकायची आणि उमटलेला डाग मी पुसायचो. काचेच्या आत तिचा हात कधी गेला नाही. आज ते फडके तिच्या मुठीत आहे. झोपेतही ती ते सोडत नाही, आणि ती मूठ उघडायला माझा हात धजत नाही.

५. आपली नोटीस मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढं कशाला भांडतात रे? मी चाललेच आहे. फडकं दाखवून त्यालाच विचारते." सबब, ते तिच्याबरोबरच जाऊ द्यावे, ही विनंती. याहून थेट तपासणी मला तरी सुचत नाही.

एवढी एक आज्ञा वगळता आपला आज्ञाधारक,
(सही)
चर्चचा राखणदार
दिनांक: नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत:
१) डॉक्टरांचा दाखला.
२) जाळण्यासाठी शर्टाचा उरलेला भाग, भाल्याच्या खुणेत बसणाऱ्या बटणासह.