कापलेलं सफरचंद

८ नोव्हेंबर
आलो बुवा एकदाचा! चिकलठाण्याला एमआयडीसीत, काकासाहेबांच्या अर्काच्या शेडमध्ये. निजायलाही इथंच, कोपऱ्यात खाट. काम सोपं. गुळवेलीची भुकटी स्पिरिट-पाण्यात तापवायची, गाळायची आणि अर्काचा थेंब जांभळ्या द्रावणात टाकायचा. द्रावण जितकं झटकन पिवळं पडेल, तितका अर्कात दम. काकासाहेब म्हणाले, लोखंड गंजतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं, माणूस म्हातारा होतो. सगळं हवेनं जळणंच. अर्क ते जळणं अडवतो. मग हसले, म्हणाले, अजिनाथ, तुझं टाळकं लई जळतंय, घोटभर तूच पी. सरांशी भांडून दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलं, ते त्यांच्या कानावर गेलेलं दिसतंय.
औषध कंपनीला हवा तसा अर्क जमला की काकासाहेब मला पर्मनंट करणार. मग अक्षदाच्या बापापुढं मागणी घालायला ताठ मानेनं जाईन.

११ नोव्हेंबर
वैजापूरहून अक्षदाचा फोन. रविवारी तिला बघायला पाहुणे येतायत. म्हणाली, तू निस्ता तापतोस, करत काय नाहीस. डोकंच फिरलं.
काकासाहेब आठवडाभर लग्नाला अजिंठ्याला गेलेत. जाताना बजावलं होतं, दर घाण्याला नवं स्पिरिट घे, खिडक्या उघड्या ठेव. असं करत बसलो तर दिवाळी येईल पुढची! खिडक्या लावल्या, म्हणजे स्पिरिट उडत नाही. त्याच अर्कात नवी भुकटी घातली, तापवला. परत नवी भुकटी. परत.

१३ नोव्हेंबर
थेंब टाकलाच नाही. अर्काची बाटली नुसती जवळ नेली आणि द्रावण पिवळं! जिंकलो. काल कापलेलं सफरचंद टेबलावर अजून पांढरंफेक.
तिला सांगावं म्हटलं, तर मोबाईल बंद पडलाय. चार्जिंग घेत नाही.

१४ नोव्हेंबर
बोट कापलं. रक्त सुकेना, लालच राहतंय. भूक नाही. चहाला गॅस पेटेना. आख्खी काडेपेटी ओढली, एक ठिणगी नाही. तरी राग आला नाही. मला!
मग छातीवर हात ठेवला.
मी श्वास घेत नाहीये. कधीपासून?

१५ नोव्हेंबर
पळायचं म्हणून दार उघडलं. हातात ते सफरचंद होतं. उंबऱ्याबाहेर जाताच काळं — मग राख. इतके दिवस अडलेलं जळणं, एका दमात.
करंगळी बाहेर धरून बघितली. पेर गळून पडलं. दुखलं नाही —
दार लावलं. कडी घातली.

रविवार
थाप. अक्षदा! पाहुण्यांना तसंच बसवून एसटीनं आलीय. म्हणतीय, उघड की रे, लई तापत होतास ना, आता का तोंड लपवतोस —
ओरडायला श्वास लागतो.
चिठ्ठी सरकवली दाराखालून. पलीकडं जाताच राख —

रडतीय.

जाते म्हणाली. पावलं — नको, थांब —
छातीत काहीतरी पेटलंय. कितीतरी दिवसांनी.
एकदाच बघायचंय. नुसता चेहरा. कडीवर हात ठेव—