यादीतलं पुढचं नाव

एर्लांगेन
एप्रिल २०२६

प्रिय ओवी,

हे पत्र आधी जर्मनमध्ये सुरू केलं होतं. पहिला परिच्छेद संपेपर्यंत ते घरमालकाला लिहिलेल्या तक्रारीसारखं दिसायला लागलं, तेव्हा थांबले. मराठी तू ओठ हलवत, सावकाश वाचतेस. हे सावकाशच वाच. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की मला जे म्हणायचं असतं ते मी अर्धवट सोडते. आपली ओळख झाल्यापासून तसंच होत आलं आहे.

शनिवारी हेर्त्सोगेनआउराखला तुझ्या आईबाबांकडे गेले होते. काकू आणि राजाभाऊ बेकरीतच भेटले. तिथल्या बाईंना त्या सांगत होत्या की मे महिन्यापासून त्यांची मुलगी म्युनिकला, बव्हेरियाच्या विधानसभेत बसणार. त्या बाई 'गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर' म्हणत पाव कापत होत्या. मला बघून काकू म्हणाल्या, "ही बघा, सगळं गणित हिनेच मांडलं." राजाभाऊ मागून म्हणाले, "गणित हिचं, भाषण ओवीचं, आणि पायपीट आमची." घरी पोचेपर्यंत काकू एकच विचारत होत्या, पहिल्या दिवशी आईवडिलांना आत बसू देतात का. मी म्हटलं, विचारून सांगते. ओवी, त्यांना काहीही माहीत नाही. तू आठवड्यातले जास्त दिवस तुझ्या कपिलकडे नेकारसुल्मला असतेस, एवढंच त्यांना माहीत आहे. गेल्या बुधवारपर्यंत मलाही तेवढंच माहीत होतं.

आपला मतदारसंघ एका आमदाराचा नाही, हे तूच मला समजावलं होतंस, माझ्या स्वयंपाकघरात, पोहे खाता खाता. आख्खं मिटेलफ्रांकेन एकच मोठा मतदारसंघ. त्यातून वीसहून जास्त आमदार जातात, काही आपापल्या भागातून थेट, बाकीचे पक्षांच्या याद्यांमधून. यादी पक्ष करतो, पण तिचा क्रम मतदार मोडू शकतात, कारण प्रत्येकाच्या दोन मतांपैकी दुसरं मत यादीतल्या एका माणसाच्या नावापुढे देता येतं आणि ज्याला मतं जास्त तो वर सरकतो. मी पुण्यातल्या निवडणुका बघत वाढले. एक मतदारसंघ, एक विजेता, बाकी सगळे घरी. मला ही रचना फार आवडली. मी तसं म्हटलं तर तू म्हणालीस, "तू आवडून घे, मी उभी राहते." मला वाटलं चेष्टा करते आहेस.

मग मी मागच्या निवडणुकांचे आकडे उतरवून घेतले, भागवार. दिवसभर कामावर मी एमआरआयच्या प्रतिमांतला गोंधळ आणि खरा संकेत वेगळा करते. संध्याकाळी तेच मतांचं करू लागले. वर्षानुवर्षं काही गोष्टी तशाच होत होत्या. यादीत वर असलेल्यांना आपोआप मतं मिळत होती. नावाआधी 'डॉ.' असलेल्यांना थोडी जास्त. रकान्यात अगदी तळाला असलेल्या नावाला त्याच्या वरच्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त, कारण नजर तिथे येऊन थांबते. आणि मधली नावं वर चढली असतील तर ती फक्त जिथे त्या माणसाला लोकांनी बघितलं होतं तिथल्या मतांवर. एका गावचा गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या दोन-तीन गावांत मतांचा ढीग, आणि पुढच्या टेकडीपलीकडे काही नाही. म्हणून मी तुला सांगितलं, दूरच्या आन्सबाखचा नाद सोड, जिथे सायकलने जाता येईल तिथेच फीर. तू फिरलीस. तीन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात एर्लांगेनपासून हेर्त्सोगेनआउराखपर्यंत तू किती दारं वाजवलीस ते मी पाहिलं आहे, कारण प्रत्येक दारापाशी दुसरी सायकल माझी होती. तू बोलायचीस, मी सायकली धरायची. तुला माणसांची नावं लक्षात राहायची, त्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा. मी तेव्हा मनात म्हणायची, हे मला कधी जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही, ओवी आहे.

नागरिकत्वाचा अर्ज मी तुझ्यासाठी केला असं म्हणणं खोटं होईल. कधी ना कधी केलाच असता. पण तेव्हा, घाईने केला तो तुझ्यासाठी. तू म्हणालीस, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला मतच देऊ शकत नाही, हे लोकांना काय सांगू. भारताचा पासपोर्ट परत करून रद्द झाल्याचा शिक्का घेतला त्या दिवशी म्युनिकहून परतताना तू गाडीत गाणी लावली होतीस. घरी येऊन मी बाबांना फोन केला. ते आधी म्हणाले, "मत तर तुला इथेही होतं की." मग, "म्हणजे आता घरी यायला व्हिसा लागणार?" मी परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाबद्दल सगळं नीट सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

यादीतली शेवटची जागा भरायला पक्षाला कुणी मिळेना, तेव्हा तू माझं नाव दिलंस. "बस ना गं तिथे, तळाला कोण बघतंय." तळाला लोक बघतात, हे माझ्याच तक्त्यात होतं, पण मी बसले. आणि मग मंडळाच्या गणपतीतला तो रविवार. नमुन्याची मतपत्रिका मी टेबलावर पसरली तर ती प्रसादाच्या ताटांवरून खाली लोंबायला लागली. राजाभाऊ म्हणाले, "अगं ही मतपत्रिका आहे की सतरंजी?" काकू चष्मा लावून खूप वेळ शोधत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चिन्ह कुठंय?" आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी तेच केलं. आयुष्यभर चिन्हावर मत दिलेली माणसं, थेट वर पक्षाच्या नावापाशी फुली मारून मोकळी. तसं मत पक्षाला मिळतं, पण ओवीला नाही. मी प्रत्येकाला पुन्हा पत्रिका दिली आणि म्हटलं, पक्ष नाही, नाव शोधा, बोट ठेवून खाली या. काकू बोट ठेवून खाली आल्या. तुझ्या नावापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही सापडली माझी." जर्मन पासपोर्ट घेऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. आणि त्या निवडणुकीत त्या इथलं पहिलं मत देणार होत्या.

निकालात तू आत गेली नाहीस, अगदी थोडक्यात राहिलीस, पण मधल्या जागेवरून इतकी वर आलीस की पहिली राखीव झालीस. इथे पोटनिवडणूक होत नाही. कुणी आमदार सोडून गेला की त्याच यादीतलं पुढचं नाव आत जातं. तुझी मतं बरोबर तिथेच होती जिथे आपण सायकली टेकवल्या होत्या. तुझ्यामागे कोण, ते आपण दोघींनी पाहिलं आणि तू खुर्चीवरून पडेपर्यंत हसलीस. मी. यादीच्या तळाशी, नावाआधी 'डॉ.' असलेली. माझी मतं आख्ख्या मिटेलफ्रांकेनमध्ये सगळीकडे थोडी थोडी विखुरलेली होती. मी कधी गेले नाही अशा गावांतली. त्यात मला ओळखून दिलेली फारशी नव्हती. तुझी सगळी तुला बघून दिलेली होती. तो फरक मला तेव्हाही दिसत होता.

राखीव नावाने राज्याबाहेर राहायला जायचं नाही, हे मी तुला एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. नेकारसुल्म गाडीने दोन तासांवर आहे, पण ते दुसरं राज्य. तिथे पत्ता नोंदवला, उमेल्डुंग केलं, की बव्हेरियातला हक्क संपतो. गेल्या दिवाळीत कपिलला तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तूच सगळ्यांसमोर त्याला म्हणालीस, "जपून हं, तुझ्या नोकरीपायी माझी खुर्ची जायची." सगळे हसले. म्हणजे तुला माहीत नव्हतं असं मला स्वतःलाही सांगता येत नाही.

आणि तरीही मार्चमध्ये तू माझ्याबरोबर बाजारचौकात उभी राहिलीस. आपल्या यादीवरचे आमदार वागनर नगराध्यक्षपदाला उभे होते. ते निवडून आले तर आमदारकी सोडणार, आणि ती जागा तुला. त्यांचं माझं एकाही विषयावर जमत नाही. पहिल्या फेरीआधी आणि दुसऱ्या फेरीआधी, प्रत्येक शनिवारी, हातमोज्यांत बोटं बधिर होईपर्यंत मी त्यांची पत्रकं वाटली. एकदा एका आजोबांनी विचारलं, या माणसात तुम्हाला काय आवडतं. मी पत्रकच पुढे केलं. तूच पुढे येऊन त्यांच्याशी बोललीस, मग मला कॉफी आणून दिलीस आणि म्हणालीस, "अनू, हा जिंकला की आपण जिंकलो." तेव्हा तुझा पत्ता बदलून दोन महिने झाले होते. मी तो शनिवार पुन्हा पुन्हा आठवून बघते. तू कॉफी देताना माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माझं काम खुणा ओळखण्याचं आहे, आणि मला काहीही दिसलं नाही.

वागनर निवडून आले, आणि बुधवारी प्रयोगशाळेत असताना पक्षाच्या कार्यालयातून ब्रांडलबाईंचा फोन आला. त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, तुम्ही चुकून मला लावलात, पुढचं नाव ओवीचं आहे. त्या म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे, ती जानेवारीपासून बव्हेरियात राहत नाही. निवडणूक कार्यालयाने पत्ता तपासला, आम्ही तिला विचारलं, ती हो म्हणाली. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. तुम्ही दोघी तर नेहमी बरोबर असता." मी माहीत असल्यासारखं काहीतरी बोलले. तुझी बाजू सांभाळायची इतकी सवय आहे की त्या क्षणीसुद्धा तीच सांभाळली. मग तुला मेसेज केला, आणि तुझं उत्तर आलं, "अगं, मग तर तूच! सुपर!" पुढे नाचणाऱ्या बाईचं इमोजी. ओवी, ते उत्तर लिहिताना तुला जरा तरी थांबावंसं वाटलं का?

कपिलच्याच कारखान्यात तुलाही करारांच्या विभागात चांगली जागा मिळाली आहे, हे मग तुझ्या दुसऱ्या मेसेजमधून कळलं. ती तू नाकारायला हवी होतीस असं मी म्हटलं नसतं. जानेवारीत संक्रांतीला घरी आलीस, तिळगूळ दिलास, तेव्हा सांगितलं असतंस की अनू, मला म्युनिक नको, मला ही नोकरी हवी, तर मी रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तुझं सामान बांधायला आले असते. तुला ते माझ्यासमोर म्हणता आलं नसेल. पहिल्या दिवशी जमलं नाही, मग दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं असेल. हे मला समजतं. समजल्यावर राग उतरतो असा माझा अनुभव होता, या वेळी तसं झालेलं नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तू पुढे कुणाला तरी तसं सांगशील अशी मला भीती वाटते: ही जागा तू मला दिलेली नाहीस. तुला मत देणाऱ्यांनी ती तुला दिली होती, आणि तुझी मतं माझ्याकडे येत नाहीत. ती जिथे होती तिथे संपली.

मी आज सकाळी हो म्हणून कळवलं. नाही म्हटलं असतं तर जागा माझ्यामागच्या नावाकडे गेली असती. ते गृहस्थ आन्सबाखच्या पलीकडे राहतात आणि आपल्या कुणालाही ओळखत नाहीत. मला भाषण करता येत नाही, अनोळखी दार वाजवायची मला अजून धडकी भरते, आणि माझं काम मला सोडवत नाही. तरी हो म्हटलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. तू मला जे दिलं नाहीस ते मी तुला देते आहे, एवढंच या पत्राचं कारण आहे. अजून मी मंडळात कुणालाही सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी मंडळ जमणार आहे आणि काकूंनी तुझ्या नावाने केक सांगून ठेवला आहे. त्याआधी हेर्त्सोगेनआउराखला जा आणि त्यांना स्वतः सांग, मेसेजवर नको, समोर बसून सांग. त्या रडतील. राजाभाऊ काहीतरी विनोद करतील आणि तो जमणार नाही. तेव्हा तू तिथे असायला हवीस. तू गेली नाहीस तर रविवारी मी फक्त एवढंच सांगेन की यादीत पुढचं नाव माझं होतं. बाकीचं त्या मला विचारतील, आणि मी त्यांना सांगेन की ते ओवीला विचारा.

अजून तरी तुझीच,
अन्वी