लाभ, एक, दोन

बाबा, मी इटलीला जाऊन आले. थट्टा नाही, खरंच. तिसरीत शाळा सुटलेली तुमची मुलगी विमानात बसली, मध्ये एकदा उतरून पुन्हा दुसऱ्यात बसली, आणि तळ्याकाठच्या एका जुन्या गावात एक दिवस आणि एक रात्र राहून आली. गावाचं नाव विचारू नका. नात दहादा सांगते आणि दहादा माझी जीभ वेगळीकडेच वळते, म्हणून मी आपली तळ्याचं गाव म्हणते. तळं तरी केवढं म्हणता, आपल्या खाडीहून रुंद. पण पाणी गोडं, आणि भरती नाही की ओहोटी नाही, सकाळी जिथे होतं तिथेच संध्याकाळी. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, हे कसलं पाणी, याला काही कामधंदा नाही वाटतं.

मी हे कुवेतच्या घरात बसून लिहितेय, नातीच्या उरलेल्या वहीत. मुलगा रिफायनरीत कामावर गेलाय, सून हॉस्पिटलात नर्स आहे, तिची दिवसपाळी. बाहेर धुळीचं वादळ आहे, समोरची इमारत दिसत नाही, खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबून बसलेय. लिहायला कारण असं झालं की भावाच्या मुलाचा गावाहून फोन आला. तुम्ही नावेतून माणसं खाडीपार न्यायचात त्या तरीच्या जागी आता पूल झालाय बाबा, आणि त्या जुन्या धक्क्यावर तरीची माहिती लिहून दगडी पाटी बसवणार आहेत. म्हणाला, "आत्ये, नाव बुडाली तो दिवस बघितलेलं आता तूच एक उरलीस. काय झालं ते मोबाईलवर बोलून पाठव. नाहीतर पंचायतीच्या जुन्या कागदात आहे तेच कोरतील." कागदात काय आहे ते मला ठाऊक आहे. तरीवाल्याच्या मोजणीतल्या चुकीमुळे एक बाई बुडून मेली. शुक्रवारपर्यंत पाठव म्हणाला, आणि आज बुधवार. मला त्याला खरं सांगायचंय आणि जीभ रेटत नाही, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला सांगून बघावं.

पण आधी इटली सांगते, नाहीतर राहून जाईल. ईदची सुट्टी होती, आम्ही चौघं आणि शेजारचं पुण्याचं कुटुंब, तेही चौघं, तो बँकेत असतो. गाव म्हणजे सगळा दगड. घरं दगडाची, गल्ल्या दगडाच्या, आणि गल्ली म्हणजे पायऱ्याच, एका घराच्या दारासमोर दुसऱ्याचं छप्पर. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घर चारशे वर्षांचं. मी मुलाला म्हटलं, अरे एवढी जुनी घरं आपल्याकडे पाडतात आणि तू मला विमानानं इथे आणून चढायला लावतोस. देवळात गेले, त्यांच्या हो. भिंतभर चित्रं, त्यात एक आई मांडीवर मेलेला लेक घेऊन बसलेली, तिच्याकडे मला फार वेळ बघवेना. दुपारी भात मागवला तर काय आलं, आपल्याकडे तापकऱ्याला देतात तसला आसट भात, वर चीज. सून म्हणाली, "आई, हे इथलं खास आहे." मी म्हटलं, असेल, पण मला ताप नाहीये. मग पिस्त्याचं आइस्क्रीम खाल्लं. दोनदा खाल्लं.

आणि बाबा, मी बोटीत बसले. तुमच्या त्या दिवसानंतर मी कधी पाण्यावर पाय ठेवला नव्हता. लग्न होऊन गेले तीसुद्धा लांबच्या रस्त्यानं, बैलगाडीतून. सगळ्यांना सांगत आले की मला पाणी लागतं, गरगरतं. इथे कुवेतला आमच्या एगैला भागाहून समुद्र जवळ, शुक्रवारी सगळे किनाऱ्यावर जातात, मी वाळूतच चटई टाकून बसते. पण त्या दिवशी नातीनं हात धरला, "आजी, come on, it's like a bus," आणि बस म्हटल्यावर मी चढले. पांढरी बोट, बाकं, खिडक्या, पाणी कापत जाते तर पोटातलं पाणी हलत नाही. वारा असा की डोक्यावरचा पदर राहीना. मी हसत होते बाबा, लहान मुलीसारखी. पलीकडच्या काठाला बाग बघितली, फुलं बघितली, संध्याकाळी परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर उभे राहिलो. तिथे मुलगा सहज म्हणाला, "आई, तू पुढे उभी आहेस तर आपली माणसं मोज गं चढताना. आठ जण आहोत." आणि माझ्या तोंडातून निघालं, "लाभ."

शेजारचा हसला. "काकू, इथे कसला लाभ? मी सुट्टीवर आहे, बँक तिकडे राहिली!" नात म्हणाली, "आजी, labh काय? Just say one!" तिच्या वयाला हसू येणारच. सगळे हसत चढले, मी काही मोजलं नाही, बाकावर जाऊन बसले आणि खाली बघत राहिले. सून म्हणाली, बोट लागली वाटतं आईंना. मी मान हलवली.

तुम्हाला आठवतच असेल, पण मला माझ्या बाजूनं सांगू दे. धान मापताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, म्हणजे बरकत येते. तुम्ही बंदरावर भाताची पोती मापायला जायचात, तिथली ती सवय तुम्ही तरीवरही आणलीत. लाभ, दोन, तीन, चार, अशी माणसं मोजून मग दोर सोडायचात. मी धक्क्यावर बसून ऐकत मोठी झाले. म्हणून शाळेत बाईंनी मला उभं करून चिंचोके मोजायला सांगितले तेव्हा मीही लाभ, दोन म्हटलं. वर्ग खदाखदा हसला. बाईंनी पट्टी हातावर मारून विचारलं, "एक कुठे गेला गो? खाल्लास?" म्हणून मी ठरवलं की आता एक कधी विसरायचा नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी तो बाजाराचा दिवस. वारा उलटा होता, तुम्ही शिडात गुंतला होतात, मला हाक मारलीत, "मोज गो माणसं, मी दोर बघतो." मी धक्क्यावर उभी राहून बोट दाखवत मोजली. तुमची बरकत जायला नको आणि बाईंची पट्टी बसायला नको, म्हणून दोन्ही म्हटलं. लाभ, एक, दोन, तीन. शेवटच्या माणसाला एकोणीस झाले. मी ओरडले, "एकोणीस!" तुम्ही म्हणालात, शाबास. माणसं वीस होती बाबा.

पलीकडच्या काठाजवळ नाव उलटली तेव्हा मी इकडे धक्क्यावरच होते. मला पाण्यात काळी काळी डोकी दिसत होती. खाडीत डोल जाळी लावणारे कोळी धावले, त्यांनी ओढून काढली. मला आणि आईला त्यांच्याच होडीतून तिकडे नेलं, आई रडत होती, लोक काठावर ओले बसले होते. कुणीतरी मोजलं, एकोणीस. तुम्ही माझ्याकडे आलात, डोक्यातून पाणी गळत होतं, तुम्ही गुडघ्यावर बसून विचारलंत, "एकोणीसच होती ना गो?" तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. तुम्ही विचारलंत त्याच क्षणाला मला कळलं की मी लाभ आणि एक दोन्ही म्हटलं. मला पट्टी दिसली. मी म्हटलं, "होय." लोकांनी नारळ फोडला. देवानं राखलं म्हणाले आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी ती विसावी, एक बाई, खाडीकाठच्या कांदळाच्या झाडीत सापडली. सासरहून न सांगता माहेरी निघालेली, त्यामुळे तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. तिच्या दोन्ही मुठींत कांदळाची मुळी होती, सोडवता सोडवेना. एक म्हातारा म्हणाला, त्या संध्याकाळी मी हाक ऐकली होती, पण सगळी माणसं मिळाली म्हणाले, म्हणून मला वाटलं कोल्हा असेल. ती रात्रभर होती बाबा. ओहोटीला पाय टेकले असतील, भरतीला हाक मारली असेल.

तुम्ही पंचांसमोर सांगितलंत, मोजणी माझी. तरीचं काम गेलं, तुम्ही चिऱ्यांच्या खाणीवर लागलात, आणि गावात कुणाचं काही मोजायचं चुकलं की आजही म्हणतात, "तरीवाल्यानं मोजलं वाटतं!" मी शाळेत पुन्हा गेले नाही, बाईंना सांगितलं पोटात दुखतं. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. फक्त त्या वर्षी भात झोडून झाल्यावर अंगणात मापायला बसलात, मी पोतं धरून उभी होते. पहिलं माप ओतलंत आणि म्हणालात, "एक." मग माझ्याकडे बघितलंत आणि दुसरं माप भरायला लागलात. तेव्हापासून मला वाटत आलंय की तुम्हाला ठाऊक होतं. पण वाटणं वेगळं. मी तुम्हाला विचारलं नाही, तुम्ही खाणीत खोकून खोकून गेलात तरी विचारलं नाही.

तळ्याच्या गावात त्या रात्री खोलीत मला झोप आली नाही. खाली पाणी भिंतीला लागत होतं, हळू, डुब डुब. सकाळी सगळे झोपलेले असताना मी खाली आले, तर अंगणात घरमालकीण म्हातारी शेंगा सोलत बसलेली. मीही बसले, तिच्या टोपलीतल्या घेऊन सोलायला लागले. तिला आनंद झाला, ती तिच्या भाषेत काहीबाही सांगू लागली, नवऱ्याचं असेल, गुडघ्याचं असेल. मग मी सुरू केलं. मराठीत. लाभपासून कांदळाच्या मुळीपर्यंत सगळं सांगितलं, जन्मात पहिल्यांदा. माझी खोड तुम्हाला माहीत आहे, मी काहीही सांगताना हसतच सांगते. तर तिला वाटलं मी गमतीचं सांगतेय. शेवटाला ती माझ्या मांडीवर हात मारून खो खो हसली, आणि मला मूठभर दाणे बांधून दिले. मी ते इथे आणून उसळ केली. चांगली झाली.

म्हणून आज वाटलं, एकदा सांगता आलं तर दुसऱ्यांदा येईल. इथवर लिहून झालं तेवढ्यात नात शाळेतून आली, तिला म्हटलं, मला ते बोलून पाठवायचं दाखव. तिनं दाखवलं, "हे press करून ठेव आजी, बोल, आणि सोड. बोट बाजूला सरकवलं तर सगळं cancel होतं." ती तिच्या खोलीत गेली. मी दाबलं आणि बोलले. सगळं बोलले बाबा, कुठे अडले नाही, मोजणी माझी होती असं तुमच्याच शब्दांत बोलले. मग बोट सोडायचं होतं. ते सरकलं. मीच सरकवलं.

नातीनं आतून विचारलं, "झालं का आजी?" मी म्हटलं, नेट गेलं गो. मग भाच्याला चार शब्द वेगळे पाठवले, की बाबा नाव फार चांगली चालवायचे, बाकी मी लहान होते, मला आठवत नाही. त्याचं लगेच आलं, "हरकत नाही आत्ये. मग कागदात आहे तेच कोरायला देऊ ना?" मी त्याला वर केलेला अंगठा पाठवला. आणि पाठवल्यावर मला बरं वाटलं, बाबा. खोटं कशाला सांगू.