मिस ट्रुडेलची जखम

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार

आज मी खरी नर्स झाले. निकाल ऑगस्टमध्येच लागला होता, आणि परवान्याचा कागद आईने फ्रेम करून बैठकीच्या खोलीत टांगलाही आहे. पण आज कॉटवरून एका आजोबांनी "नर्स!" अशी हाक मारली आणि कुणाला बोलावतायत म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मलाच बोलावत होते!

लार्क पॉइंटचं हॉस्पिटल सव्वीस खाटांचं. प्रत्येक खिडकीतून तळं दिसतं, आज शिशाच्या रंगाचं होतं. मला हार्डवेअरच्या दुकानावरची खोली मिळाली आहे. मालकाने किल्लीबरोबर बर्फ उपसायचं फावडंही हातात ठेवलं आणि म्हणाला, लागेल तुला. आईने वेलदोड्याच्या पावाचे दोन मोठे वेढे दिलेत, त्यातला एक आज वॉर्डात संपला.

मुख्य नर्स मिसेस सावोला तीस वर्षं इथे आहेत. चालल्या तरी बुटांचा आवाज येत नाही. म्हणाल्या, "शाळेत शिकलीस ते विसरू नकोस, आर्लीन, पण नुसतं त्याच्यावर विसंबूही नकोस." मग टोकाच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि ती तुझी. नव्या पोरीलाच देतो आम्ही. जुन्या सगळ्या तिच्याकडून ओरबाडून घेऊन बसल्यात."

टोकाच्या खोलीत मिस बर्निस ट्रुडेल आहेत. वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं याच हॉस्पिटलात नर्स होत्या.

५ नोव्हेंबर

मिस ट्रुडेलच्या माकडहाडावर जखम आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना होते तशी, पण ही जुनी आहे. ऑक्टोबरात झटका येऊन डावी बाजू लुळी पडली तेव्हा इथे आणलं, आणि तेव्हाच ती पहिल्यांदा कुणाला दिसली. तोपर्यंत त्या घरी एकट्याच, आरशात बघून, स्वतःची पट्टी स्वतः करायच्या म्हणे. डॉ. टेसियर म्हणाले की ती रोज धुऊन भरली नाही तर रक्तात विष पसरेल, महिनाही काढणार नाहीत.

मी ट्रे घेऊन गेले. चादरीला हात लावायच्या आतच त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. "नको हात लावूस, पोरी. तुला नाही कळत. माझं मला राहू दे." मी समजूत घालायला लागले तर ट्रेच उडवून दिला. मिसेस सावोला म्हणाल्या की वय झालं की डोक्यावर परिणाम होतोच, मनाला लावून घेऊ नकोस.

मी जबरदस्ती केली नाही. दुपारी काम संपल्यावर नुसतीच जाऊन बसले, माझ्या गावच्या लोखंडाच्या खाणीबद्दल आणि वडिलांबद्दल बोलत राहिले. त्या ऐकत होत्या, असं मला वाटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

जमलं!

सकाळी ताप एकशे तीनवर होता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "मिस ट्रुडेल, ताप तुमच्या डोक्यात गेलाय. पाच मिनिटं लागतील. बघू द्या मला." त्या खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, रडल्या, आणि आपणहून कुशीवर वळल्या. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला माफ कर, पोरी." मी म्हटलं, त्यात माफी कसली, माझं कामच आहे.

हातमोजे घालून जखम धुतली, मोजली. लांबी सहा सेंटिमीटर, रुंदी चार, खोली दोन. जखमेची जागा घड्याळासारखी सांगायची असते, डोक्याची बाजू म्हणजे बारा. दोनच्या दिशेला आत एक बोगदा आहे. त्यात ओल्या गॉजची पट्टी भरताना क्षणभर ती आतून ओढली गेल्यासारखी वाटली. स्नायू आकसला असेल.

मिसेस सावोलांनी मला कॉफी पाजली. त्या कुणाला कॉफी पाजत नाहीत.

१७ नोव्हेंबर

ताप उतरला. जखम पाच बाय सव्वातीन! डॉ. टेसियरनी मोजपट्टी मागून घेतली आणि पुन्हा मोजली. मिसेस सावोला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हाताला गुण आहे हो पोरीच्या." मी लिनेनच्या कपाटात जाऊन थोडी रडले. चार वर्षं जुने बूट वापरून शिकले ते याच्यासाठी.

मिस ट्रुडेल आता जेवतात, पण माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीत. रोज एकच विचारतात, "पाठ दुखते का गं तुझी?" मी सांगते की दिवसभर उभं राहून सगळ्यांचीच दुखते.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला घरी गेले होते. आईने टर्की केली होती, पण मला खुर्चीवर बसवेना. आठवडाभर माकडहाडावर खाज होती. इलॅस्टिक काचत असेल म्हणून बदललं, पण खाज राहिलीच. आईने बघितलं. म्हणाली, "हे काय गं, साल गेलंय सगळं. थांब, मलम लावते." मला लाज वाटली. नको, मी लावीन म्हटलं.

मी बावीस वर्षांची आहे. दिवसाला पाच मैल चालते. मला तिथे जखम होईल कशी?

२ डिसेंबर

दोन आरसे लावून मोजली. दोन बाय दीड.

काडीला कापूस गुंडाळून आत घातला. बोगदा आहे. दोनच्या दिशेला.

आज मिस ट्रुडेलची चार बाय अडीच भरली. मी बेरीज केली. करायला नको होती. सहा. चार.

४ डिसेंबर

आज दार लोटून घेतलं आणि त्यांना सरळ विचारलं.

त्या भिंतीकडे बघतच बोलल्या. सन एकोणतीस. त्याही बावीस वर्षांच्या, याच हॉस्पिटलात नव्या. एका लाकूडतोड्याची बायको आली होती, कुणाला शिवू द्यायची नाही. सगळे म्हणाले वेडी आहे. "मला वाटलं, मी तिला जिंकीन. जिंकलंच की. महिन्यात उठून घरी गेली ती. तिला कुणाकडून आली होती, ते नाही सांगितलं तिने." नंतर सत्तावन्न वर्षं त्यांनी कुणाला पाठ दाखवली नाही. लग्नाचं एकदा ठरलं होतं, तेही मोडलं. स्वतः धुतली तर ती वाढत नाही, पण भरतही नाही. "ती बरी होत नाही, पोरी. घर बदलते नुसतं."

मी म्हटलं, मग मला का वळू दिलंत? का वळलात तुम्ही?

म्हणाल्या, "दुखत होतं गं. इतकं दुखत होतं. आणि तू इतकी चांगली बोललीस." मग म्हणाल्या, "आता थांब. गेली तेवढी गेली. उरलेली माझ्याजवळ राहू दे."

८ डिसेंबर

चार दिवस मी त्यांना हात लावला नाही. तक्त्यावर लिहीत राहिले, ड्रेसिंग केलं. खोटं लिहिलं. नर्सने करू नये असं पहिलं पाप एका महिन्यात करून झालं.

आज ताप एकशे दोन. दारापर्यंत वास. मिस ट्रुडेल डोळे मिटून पडून होत्या, ओठ घट्ट. त्यांनी ठरवलं होतं. मिसेस सावोला आत आल्या, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. "तुला जमत नसेल तर सांगायचं होतंस. आण इकडे," म्हणाल्या आणि बाह्या सरसावून ट्रे उचलला. त्यांना चार नातवंडं आहेत.

मी ट्रे त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, जमतं मला.

मिस ट्रुडेल "नको, नको" म्हणत होत्या. मी धुतली. भरली. पट्टी आतून ओढली गेली. या वेळी स्नायू वगैरे म्हणायची हिंमत झाली नाही.

१५ डिसेंबर

त्यांची एक सेंटिमीटर. माझी पाच बाय साडेतीन. उभ्यानेच जेवते. पालथी झोपते. गणवेशाखाली गॉजच्या तीन घड्या, तरी दुपारपर्यंत ओल येते.

पहिल्या दिवशी मला हाक मारणारे आजोबा, मिस्टर कांगस, आज स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत चालले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले. अशा वेळी वाटतं, हे काम सोडून मी दुसरं काहीच करू शकणार नाही. आणि मग पाठीत ते हलतं.

१८ डिसेंबर

त्यांची भरली. कातडी गुलाबी, तान्ह्या मुलासारखी. डॉ. टेसियरनी माझा हात हातात घेऊन हलवला.

ते गेल्यावर मिस ट्रुडेल उठून बसल्या. दोन महिन्यांनी बसल्या. म्हणाल्या, "कडी लाव. ट्रे दे. झोप इथे पालथी." मी म्हटलं, तुम्हाला परत— तर म्हणाल्या, "एकोणऐंशी वर्षांची आहे मी. मला ती कुठे नेणार आहे? आण म्हणते ना."

मी किती लगेच झोपले. किती लगेच. लाज वाटते लिहायला.

एका हाताने केलं त्यांनी. चाळीस वर्षं हेच केलेला हात. संध्याकाळी मोजली तर अर्धा सेंटिमीटर कमी. मी खुर्चीवर बसून सूप प्यायले. बसून! त्या म्हणाल्या आहेत, रोज ये, पंधरा दिवसांत सगळी घेते.

२० डिसेंबर

काल सुट्टी होती. आज कॉट रिकामी. गादी उभी करून ठेवलेली.

जखम भरली, मग इथे ठेवायचं कारण उरलं नाही. काल भाची येऊन ग्रीन बे शहरात घेऊन गेली. मिसेस सावोला म्हणाल्या की जाताना म्हातारी फार रडली, दाराची चौकट सोडेना, तुझं नाव घेत होती. "इतका लळा लावलास तू तिला." सगळ्यांनी माझ्यासाठी केक आणला होता.

नंबर घेऊन फोन केला. भाचीने उचलला. मिस ट्रुडेल वाटेतच गेल्या. दुसरा झटका.

२५ डिसेंबर

घरी गेले नाही. रस्ते बंद आहेत म्हणून सांगितलं. रस्ते उघडे आहेत. आई मलम लावेल.

सहा बाय चार. त्यांनी घेतलेलीही परतली. पूर्ण आली.

२९ डिसेंबर

वॉर्डात चक्कर आली. मिसेस सावोलांनी मागून गणवेश बघितला. डॉ. टेसियरनी तपासलं, दुरून, हात न लावता. मी लावू दिला नाही. ते म्हणाले, चालत्याफिरत्या मुलीला असं कधी पाहिलं नाही. घरी विश्रांती, आणि रोज कुणीतरी येऊन ड्रेसिंग करून जाईल.

मी म्हटलं कुणी नको. मी करते. आरशात.

माझ्या जागी नवी मुलगी घेतली आहे. ग्वेन मॅग्नसन. डिसेंबरातच पास झाली. तिलाच पाठवणार. नव्या पोरीलाच देतात.

२ जानेवारी

ग्वेन आली होती. दार उघडलं नाही. बाहेर सूप ठेवून गेली, आणि चिठ्ठी. अक्षर गोल, शाळेतलं.

हात मागे पोचत नाही नीट. ताप. दोन दिवस धुतली नाही. पट्टी आत गेली ती निघेना— टोक सापडत नाही— आत गेली सगळी—

४ जानेवारी

ग्वेन परत आली. सगळं सांगितलं तिला दारातून. लाकूडतोड्याची बायको, मिस ट्रुडेल, सगळं. वाटलं पळेल.

म्हणाली, "आर्लीन, ताप डोक्यात गेलाय गं तुझ्या. पाच मिनिटं लागतील. बघू दे मला."

माझेच शब्द. तिला कुणी शिकवले— कुणी नाही. आम्ही सगळ्या असंच बोलतो.

५ जानेवारी

एकशे चार. आईला फोन करावा. नको. ती येईल.

सत्तावन्न वर्षं कशी काढली त्यांनी— मला दोन महिनेही—

६ जानेवारी

ग्वेन जिन्यात. दहा वाजल्यापासून. म्हणते, "घाई नाही, मी बसते इथे." जिना गोठलेला असेल. काहीतरी गुणगुणतेय. गोड आवाज.

जा म्हटलं. मोठ्याने म्हटलं का? मनातच बहुतेक—

तिलाही आई असेल. विचारलं. आहे म्हणाली. मार्केट नावाच्या गावात. दोन लहान भाऊ. का विचारतेस? म्हणाली. पाठ दुखतेय का फार?

हो. हो. इतकी की—

हातमोजे आणलेत म्हणते. वेडी. हातमोजे मीही घातले होते. सांगते तिला. सांगायला उठले फक्त. दारापाशीच उभी आहे, भिंतीला टेकून, वही इथेच धरलीय, लिहीत राहिले तर हात गुंतलेला राहील म्हणून. लिहायचं. थांबायचं नाही. ग्वेन उभी राहिली. खालच्या फटीतून तिचे बूट दिसतात, नवे, पांढरे. उघडणार नाही. उजव्या हाताने लिहितेय मी. मग कडीवर हा डावा—