आईच्या गाण्यांची डिस्क

बाबा,

कॉम्प्युटर चालू करू नका. त्यातली डिस्क काढून मी दुरुस्तीवाल्याकडे निघालेय. तुमचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

डिस्क चांगली आहे. पण दादानं ती कॉम्प्युटरमधल्या ज्या जुन्या कार्डाला जोडली, त्याला एवढी मोठी डिस्क झेपतच नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत भरली की ते गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला येतं आणि जुन्यावरच नवं लिहीत सुटतं. तुम्ही हौसेनं भरलेले लग्नाचे फोटो असे आईच्या गाण्यांवर जाऊन बसले. यात तुमची चूक नाही. दादालाही हे ठाऊक नव्हतं, त्याला फोनवर फैलावर घेऊ नका.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "नुसतं पुसलेलं परत मिळतं, ताई. ज्यावर दुसरं लिहिलं गेलं, ते गेलंच." तरी बघतो म्हणालाय.

आईचं जेवण गाळून झाकून ठेवलंय, कोमट करून द्या. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून ती पाटीवर रोज एकच लिहिते, गाणी सापडली का. आज विचारलं तर खोटं बोलू नका, तुमचं ती लगेच ओळखते. मी आल्यावर सांगेन म्हणावं.

काल एकच रेकॉर्डिंग शेवटपर्यंत नीट वाजलं. त्यात गाणं नाहीच. तंबोरा लावता लावता ती "अहो, तो नळ बंद करा आधी" एवढंच म्हणतेय. ते मी मोबाईलवर घेतलंय. तिला ऐकवायचं का, ते तुम्ही सांगा.

– धाकटी