सैनिकपत्नी श्री. रविराज

३ ऑगस्ट, सकाळ
आजपासून रोजनिशी. पंकजा, म्हणजे माझी बायको, नौदलात ऑफिसर. युद्धामुळे जहाजावर फोन बंद, फक्त मेल, तोही फोटोबिटो न जोडता. तिच्या मेलला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, हा निश्चय. टाइल्सचं दुकान सांभाळून मेलवर संसार करणं सोपं नाही. पण मी शिस्तीचा माणूस आहे.

६ ऑगस्ट
पंकजाचा मेल. तिच्या नोकरीची मुदत डिसेंबरात संपते. आणखी चार वर्षं घ्यायची की केडगावला परत यायचं, ते तिला वीस तारखेच्या आत कळवायचंय. तुला काय वाटतं ते खरं सांग, असं लिहिलंय.
खरं म्हणजे, ये असं वाटतं. पण एवढंच कसं लिहायचं? रडका नवरा वाटेन. ऑफिसरच्या नवऱ्याला शोभेलसं काहीतरी हवं. उद्या सवडीने.

९ ऑगस्ट
मेलला सुरुवात केली. 'प्रिय पंकजा.' मग चहा.
कोल्हारहून सासऱ्यांचा, आप्पासाहेबांचा फोन. काय ठरलं, विचारत होते. म्हटलं, विचारपूर्वक लिहितोय.

१२ ऑगस्ट
तिचा दुसरा मेल. पहिला पोचला का? रात्री सायरन वाजला की झोप उडते, तेव्हा तुझं घोरणं आठवतं, म्हणते. डोळ्यांत पाणी आलं.
मी घोरत नाही. त्या मुद्द्यावर पानभर लिहिलं. नंतर पुसलं.

१३ ऑगस्ट
गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता कल्याण दुकानात आला. परवा झेंडावंदनानंतर सैनिकपत्नींचा सत्कार हाय, तुमी यायलाच पायजे, म्हणाला. मी पत्नी नाही, असं निदर्शनास आणून दिलं. तर म्हणे, नवऱ्यांसाठी येगळा कार्यक्रम न्हाई, बायकांतच उरकून घेऊ.
देशासाठी जायलाच हवं. मेल सत्कारानंतर, ताज्या मनाने.

१५ ऑगस्ट, दुपार
निवेदकाने 'सैनिकपत्नी श्री. रविराज' असा पुकारा केला. मांडवभर हशा. ओटी भरायला आलेल्या बाई पदर नाही म्हणून अडल्या, शेवटी खण-नारळ माझ्या रुमालात टाकला. वर साडी. हसणं थांबेना, म्हणून माईक ओढला आणि सांगितलं, मी पंकजाला कळवलंय, चार काय, चौदा वर्षं राहा, घर मी बघतो.
हसणं बंद. कडकडून टाळ्या. पहिल्या रांगेत खास कोल्हारहून आलेले आप्पासाहेब डोळे पुसत होते. एकंदरीत भाषण उत्तम झालं.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ
असलं काहीही मी तिला कळवलेलं नाही. लाज वाटली. पण सभेतलं बोलणं कोण धरून बसतं? उद्या खरा मेल.

१७ ऑगस्ट
दुकानात माल उतरवून घेतला. कंबर धरली. अशा अवस्थेत भावना नीट उतरत नाहीत.

१९ ऑगस्ट
मेल लिहून तयार. एकच शब्द: 'ये.' फार उघडा वाटतोय. जेवण झाल्यावर चार ओळी वाढवून पाठवतो.

१९ ऑगस्ट, जेवणानंतर
तिचाच मेल आला. 'तुझी वाट पाहिली. आला तो आप्पांचा. जावईबापू भर सभेत म्हनले चौदा वर्षं ऱ्हा, लई अभिमान वाटला, असं त्यांनी लिहिलंय. मला वाटलं होतं, तू ये म्हणशील. म्हणाला असतास तर आलेच असते. असो. चार वर्षांसाठी सही केली. आता काही दिवस मेलही बंद राहतील. सांभाळून राहा. साडी कुठल्या रंगाची मिळाली?'
सगळं तीनदा वाचलं. चार लोकांनी हसू नये म्हणून मी चार वर्षं देऊन बसलो. कुणाला सांगायचीही सोय नाही. कल्याण तर रस्त्यात सलाम ठोकतो.
या मेलला मात्र त्याच दिवशी उत्तर दिलं. 'ये. साडी मोरपंखी आहे.'
मेल न पोचताच परत आला.